अक्कलकोट रस्त्यावरचे तीन तास

सोलापूरला कशाला चाललात, असं चिपळूणच्या एसटी स्टँडवर तिघांनी विचारलं. दोघांना मी "चादरी आणायला" असं सांगून मोकळी झाले. तिसरे आमच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर निघाले. त्यांच्याशी खोटं बोलवेना. म्हटलं, "आमचे हे पळायला चाललेत."

गुरुजींनी एकदा ह्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काळजीच्या सुरात विचारलं, "कुणापासून?"

तेव्हा आधी तेच सांगते. माझे यजमान हायस्कुलात गणित शिकवतात आणि पहाटे उठून पळतात. आमच्या लग्नाच्या आधीपासून पळतात. दिल्लीला दरवर्षी मोठी मॅरेथॉन होते. तिथं देशभरातले निवडक लोक धावतात, पण कुणीही उठून जावं असं तिथं चालत नाही. आधी एखाद्या चाचणी शर्यतीत तेवढंच अंतर तीन तासांच्या आत पार करून दाखवावं लागतं, मग नाव घेतात. ह्यांनी यापूर्वी दोनदा प्रयत्न केला होता. पहिल्या वेळी पाऊस आडवा आला, दुसऱ्या वेळी ताप. दोन्ही वेळा थोडक्यात हुकलं. तिसरी चाचणी सोलापुरात होती, जानेवारीत, संक्रांत झाल्यावर.

अडचण गुडघ्याची होती. दिवाळीनंतर उजवा गुडघा सुजायला लागला. डॉक्टरांनी दाबून, वाकवून पाहिला आणि साफ सांगितलं, "मास्तर, मजेनं पळा, साठीपर्यंत पळाल. घड्याळाच्या मागं लागलात तर चाळिशीतच काठी घ्यावी लागेल." हे तेव्हा अडतीस वर्षांचे. रात्री जेवताना म्हणाले, "एकदाच. सोलापूर झालं की बघू." असंच ते दुसऱ्या वेळीही म्हणाले होते. मी म्हटलं, "मग या वेळी मीही येते." लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि आम्ही दोघंच असे कुठं गेलोच नव्हतो. मुलांना जाऊबाईंकडे ठेवलं आणि निघालो. सोलापूर झालं की बघायचं ते काय, हे मात्र दोघांपैकी कुणी बोललं नाही.

भुसाराचं दुकान, मागे घर

सोलापूरला ह्यांचा ट्रेनिंग कॉलेजातला मित्र विरूपाक्ष. मास्तरकी सोडून त्यानं वडिलांचं भुसार मालाचं दुकान सांभाळलं. पुढं दुकान, मागं घर. आम्ही पोचलो तेव्हा तो पोत्यांवर उभा राहून हमालाशी कानडीत बोलत होता. ह्यांना बघून तसाच मराठीत शिरला, "आला बघा आमचा हरणा! अरे, किती वाळलायस की तू! ह्यो पळणार? ह्याला आधी खायला घाला गं!"

घरात त्याची बायको महादेवी आणि आई, म्हणजे अव्वा. अव्वा सत्तरीच्या, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कपाळावर विभूतीचे पट्टे. त्यांना मराठी जेमतेम समजायचं, बोलायच्या त्या कानडीच. मला बघताच "बर्री, बर्री, कुंडर्री" म्हणत हात धरून बसवलं. पाठोपाठ विचारलं, "ऊटा आतेनरी?" म्हणजे जेवण झालं का. सकाळचे सात वाजले होते.

मी कोकणातली. आमच्याकडं पाहुणा आला की पाण्याचा तांब्या आणि गूळ पुढं येतो, मग गप्पा, मग भात शिजायला पडतो. इथं मी पदर सावरेपर्यंत ताट आलं होतं. पापडासारखी कडक भाकरी, वाळवलेली, मोडली की कटकन आवाज करणारी. शेंगदाण्याची लालभडक चटणी, उखळात कुटून कुटून तेल सुटलेली. वर दह्याचा गोळा. पहिल्या घासाला वाटलं, हे खाताना आवाज फार होतो. तिसऱ्या घासाला आवाज ऐकू येईनासा झाला. चौथी भाकरी पडायला लागली तेव्हा महादेवीनं हळूच शिकवलं, "वैनी, पुरे म्हणायचं असलं तर 'साक' म्हणा." मी म्हटलं, "साक." अव्वांनी कौतुकानं हसून आणखी अर्धी भाकरी वाढली. पाहुणी कानडी बोलली याचा त्यांना आनंद झाला होता.

भात दिसला तो रात्री, वाटीभर, शेवटी. माझी सासू आजारी माणसाला जेवढा देते तेवढा.

पाण्याची गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या परसात विहीर आहे, पावसाळ्यात वाकून तांब्या बुडवता येतो. त्या सवयीनं मी पहिल्या सकाळी हातपाय धुताना दोन बादल्या ओतल्या. खाली वाहून चाललेल्या पाण्याकडं महादेवीनं असं पाहिलं की मी तांब्या खाली ठेवला. दुपारी आम्ही माळवदावर गेलो. सपाट मातीचं छप्पर, त्यावर गहू वाळत घातलेला. मी सहज विचारलं, "पावसाळ्यात हे गळत नाही?" महादेवी म्हणाली, "पावसाळा कुटं असतोय वैनी हितं? येतोय पावण्यावानी. बहात्तरला तर आलाच न्हाय." मग तिनं दुष्काळाचं सांगितलं. दुकानात विकायला धान्य नव्हतं, रेशनवरची परदेशी तांबडी मिलो ज्वारी खाल्ली, अव्वा दोन घागरींसाठी पहाटेपासून रांगेत बसायच्या. सांगताना तिचा आवाज जराही चढला नाही. दुसऱ्या दिवसापासून माझी अंघोळ एका बादलीत झाली. कोकणात आल्यावर महिनाभर तशीच होत होती, मग सवय मोडली.

चादरी, आणि बूट

शर्यतीला तीन दिवस होते. हे पहाटे तळ्याभोवती थोडं पळून येत, मग गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून विरूपाक्षाबरोबर दुकानात बसत. मी आणि महादेवी गाव बघत हिंडत होतो. स्टँडवर दोघांना चादरीचं सांगितलं होतं, ते खरं करणं भाग होतं.

विणकरांच्या वस्तीत शिरलं की आधी मागाचा आवाज येतो, माणसं नंतर दिसतात. गल्लीत दोन्ही बाजूंना खटाखट खटाखट चाललेलं. आमच्याकडं समुद्राचा आवाज तसा असतो, राहणाऱ्याला ऐकू येत नाही. एका घरात पद्मा नावाची बाई उंबऱ्यात बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. ती घरातल्यांशी तेलुगूत बोले, महादेवीशी मराठीत. "बसा अक्का," म्हणाली आणि चहा सांगितला. मी मोराची चादर निवडली. पद्मानं विचारलं, "कोकणात थंडी असती का?" मी म्हटलं, "नसते." "मग कशाला घेताव?" तरी घेतली. महादेवी वाटेभर हसत होती.

आम्ही परत आलो. न्हाणीघराच्या बंबाजवळ ह्यांचे पळायचे कॅनव्हासचे बूट ठेवले होते. पांढरेशुभ्र. मी ते बूट कधीच पांढरे पाहिले नव्हते. आमच्या तांबड्या मातीनं ते विटेच्या रंगाचे झाले होते आणि हे त्यांना कुणाला हात लावू देत नसत. दीड वर्ष घालून घालून ते पायासारखेच झाले होते.

झालं होतं असं, की पाहुण्याचे बूट इतके मळलेले बघून अव्वांना वाईट वाटलं. त्यांनी ते सोड्याच्या कढत पाण्यात भिजत घातले, घासले आणि लवकर वाळावेत म्हणून पेटत्या बंबाला टेकवून ठेवले. कापड आटलं होतं. रबराचा तळ उष्णतेनं वळून होडीसारखा झाला होता.

विरूपाक्ष कपाळाला हात लावून उभा होता. अव्वा आमच्याकडं बघत होत्या, पदरानं हात पुसत, शाबासकीची वाट बघत. हे पुढं झाले, बूट उचलले, उलटसुलट केले. घरी कुणी ह्यांच्या खडूच्या डबीला हात लावला तरी ह्यांचा आवाज चढतो.

"महादेवीवहिनी," हे म्हणाले, "अव्वांना सांगा, एवढे स्वच्छ तर मी ते विकत घेतले तेव्हाही नव्हते."

महादेवीनं कानडीत सांगितलं. अव्वांनी समाधानानं मान हलवली आणि आत जाऊन ह्यांच्यासाठी शेंगापोळी घेऊन आल्या.

संध्याकाळी आम्ही नवे बूट आणले. विरूपाक्षानं त्यांना आतून खोबरेल चोळलं, वाकवले, पाटाखाली ठेवून स्वतः वर बसला. "दोन दिवसांत मऊ होतेत बघ," तो म्हणत होता, पण ह्यांच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. अव्वांना काही कळू द्यायचं नाही असं आमचं चौघांचं ठरलं. नवे बूट ट्रंकेमागं लपवले आणि जुने, ते होडीसारखे, ह्यांनी दोन दिवस घरातून निघताना अव्वांसमोर पायात चढवले आणि कोपऱ्यावर जाऊन पिशवीतल्या नव्यांशी बदलले.

वळसंगच्या अलीकडे

शर्यत अक्कलकोट रस्त्यानं वळसंगपर्यंत जाऊन परत यायची होती. विरूपाक्षाचं शेत त्याच रस्त्याला, वळसंगच्या थोडं अलीकडे. त्यामुळं मी आणि महादेवी पहाटेच्या एसटीनं पुढं जाऊन शेताच्या कडेला उभ्या राहिलो. बरोबर लिंबू-मीठ घातलेल्या पाण्याची कळशी आणि पेला. विरूपाक्ष शहरात, शर्यत संपते तिथं थांबला.

थंडी कोरडी होती. आमच्या थंडीत दव असतं, इथं नुसते ओठ फुटतात. महादेवीनं माझ्या ओठांना लोणी लावलं होतं. दोन्ही बाजूंना ज्वारी माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली, कणसं भरलेली, आणि इतकं सपाट की आमच्याकडं समुद्र सोडला तर एवढं सपाट काही बघायला मिळत नाही. रस्ता लांबून येताना दिसत होता, कडेच्या कडुलिंबांच्या झाडांमधून, काळा आणि सरळ.

एक गोष्ट तिथं उभी राहिल्यावर माझ्या लक्षात आली. मी ह्यांना पळताना कधी पाहिलंच नव्हतं. बारा वर्षं हे पहाटे अंधारात जातात आणि मी चुलीशी असते. मला माहीत होतं ते फक्त घामेजलेला सदरा धुणं, गरम पाणी काढणं आणि गुडघा शेकणं.

आधी शर्यतीत पळणारा एक पोलीस आला. मग विणकरांपैकी एक तरुण, अनवाणी, जणू पायाखाली रस्ता नाहीच अशा हलक्या पावलांनी. मग दोन कॉलेजची मुलं. त्यांच्यामागं बरंच अंतर सोडून एक उंच माणूस येत होता. खांदे सैल, मान सरळ, पावलं एकासारखी एक, मागावरच्या धोट्यासारखी. मी महादेवीला म्हणाले, "हा बघा कसा छान पळतोय." आणि तो जवळ आला तेव्हा मला कळलं की हा माझा नवरा आहे.

घरात ह्यांच्या हातून कप पडतो. देवघराच्या चौकटीला बारा वर्षांत शंभरदा डोकं आपटलं असेल. चालतानाही जरा पोक काढून चालतात. त्या रस्त्यावर मात्र ह्यांचं एक बोट चुकीच्या जागी नव्हतं. मला काय झालं कोण जाणे, मी पेला घेऊन रस्त्यात धावले आणि मोठ्यानं हाक मारली. चारचौघांत मी ह्यांना कधी हाक मारली नव्हती. "अहो! अहो, इकडे!"

ह्यांनी डावा हात वर केला. मला वाटलं, मला हात दाखवतायत. ह्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, आणि माझ्यापासून दोन हातांवरून निघून गेले. पेल्यातलं पाणी माझ्या हातावर, पदरावर सांडलं.

महादेवी म्हणाली, "वैनी, भाऊजींनी बगितलंच न्हाय की!"

मी हसले. हसण्यासारखंच होतं ते. पण कळशीपाशी येऊन बसले आणि रिकामा पेला उगाचच पुसत राहिले. महादेवी शहाणी. ती ज्वारीत शिरली आणि कणसं बघत बसली.

पुढं वळण घेऊन तीच माणसं परत यायला लागली. पोलीस मागं पडला होता, अनवाणी तरुण पहिला होता. हे आले ते ओळखू आले. उजवा पाय टाकताना अंग किंचित डावीकडं कलत होतं, आणि नवा पांढरा बूट टाचेकडं लाल झाला होता. या वेळी मी हाक मारली नाही. हे स्वतःच थांबले. पाणी घटाघटा प्याले. मग माझ्या ओल्या पदराकडं पाहून म्हणाले, "जाताना तू कुठं होतीस?"

"इथंच."

"इथंच?"

"हाक मारली की तुम्हांला."

हे माझ्याकडं बघत राहिले. तीन तासांतले किती क्षण त्यात गेले असतील ते गेले. मग पेला माझ्या हातात देऊन पळायला लागले. मी त्या वाकड्या पडणाऱ्या पावलांकडं बघत उभी राहिले. थांबा म्हणावंसं वाटत होतं आणि पोचा म्हणावंसंही वाटत होतं.

आम्ही एसटीनं शहरात पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. हे रस्त्याकडेच्या दगडावर बसले होते, बूट काढून. शेजारी विरूपाक्ष शिट्टीवाल्या पंचाशी हुज्जत घालत होता. "सात मिनटं म्हंजे काय हो? सात मिनटांत माणूस चहा पण पीत न्हाय! लिवा की आत!" पंच बिचारा सभ्य होता. तो म्हणाला, "मला तसं लिहिता येत नाही हो. पण मार्चमध्ये नागपूरला आणखी एक चाचणी आहे. मास्तरांनी यावं. वय बघता फार चांगलं पळाले." "वय बघता" हे शब्द ह्यांना लागले, ते मला दिसलं.

घरी अव्वांनी एरंडेल कोमट केलं आणि ह्यांना चटईवर बसवून गुडघा चोळायला घेतला. हे नको नको म्हणत होते, त्या ऐकत नव्हत्या. विरूपाक्ष अजून पेटलेलाच होता. येरझाऱ्या घालत म्हणाला, "सात मिनटं! गुडघा न्हाय, काय न्हाय, त्या बुटांनी घात केला बघ! जुने असते तर—" आणि जीभ चावून थांबला.

अव्वांचा हात थांबला. 'बूट' हा शब्द कानडीतही बूटच असतो. त्यांनी महादेवीकडं पाहून काहीतरी विचारलं. महादेवी माझ्याकडं बघायला लागली, मी जमिनीकडं.

मला ठाऊक होतं, हे आता काय म्हणू शकले असते. पाऊस झाला होता, ताप झाला होता, आता बूट. आणि या वेळचं कारण तर खरोखर खरं होतं, टाचेतून रक्त येत होतं. हे कारण असलं की नागपूर आलंच.

ह्यांनी अव्वांच्या हातावर हात ठेवला. "बुटांचं काही नाही, अव्वा. बूट चांगलेच होते. मी कमी पडलो." मग महादेवीला म्हणाले, "नीट सांगा त्यांना. माझ्यात तेवढा वेग नाही आता. गेल्या वेळेपेक्षाही कमी झालाय." माझ्याशीही हे असं कधी बोलले नव्हते.

अव्वांनी ऐकलं. पुन्हा तेल घेतलं. मग काही विचारलं, महादेवीनं उत्तर दिलं, त्यावर अव्वा असं काही बोलल्या की महादेवी आणि विरूपाक्ष खो खो हसायला लागले.

"काय म्हणाल्या?" ह्यांनी विचारलं.

"कुटं जायचं होतं म्हणून विचारत होत्या," महादेवी म्हणाली. "मी म्हणलं, दिल्लीला. तर म्हणत्यात, पोरगा खुळा हाय का, रेल्वे हाय की!"

हे हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि पाणी आल्यावर ते पुसायला वेळ घेतला.

हुरडा

दुसऱ्या दिवशी आम्हांला हुरड्याला शेतावर नेलं. जमिनीत खड्डा खणून गोवऱ्यांची आगटी केली होती. तिच्यात ज्वारीची कोवळी कणसं भाजायची आणि गरम गरम असतानाच तळहातांवर चोळायची. हिरवे मऊ दाणे हातात उरतात. बरोबर चटणी, गूळ, दही. माझा तळहात भाजला, तर महादेवी म्हणाली, "मास्तरांच्या बायकू तुमी, छडीच्या घरातला हात हाय, एवढ्यात भाजतोय?" विरूपाक्षानं तेवढ्यात नागपूरचा बेत पक्का करून टाकला होता. तिथं त्याचा मावसभाऊ होता, राहायची सोय होती, बूट आतापासून घालून मऊ करायचे होते.

हे ऐकत होते. मग म्हणाले, "मी जरा बांधावरून फिरून येतो," आणि चार भाजलेली कणसं हातात घेऊन लंगडत निघाले. मीही मागून गेले.

बांधावर बसलो. मी घरून निघताना एक वाक्य ठरवून आणलं होतं, आता हे पुरे करा. पण आदल्या दिवशी मी ह्यांना पाहिलं होतं, आणि ते वाक्य तोंडातून निघेना. त्याऐवजी म्हटलं, "नागपूरला जा तुम्ही. गुडघ्याचं मी बघते. शेकीन, चोळीन, काय लागेल ते करीन."

हे चकित झाले. "तू म्हणतेस?"

"मला काय माहीत होतं तुम्ही असे पळता ते. मी ओळखलंच नाही तुम्हांला. महादेवीला म्हटलं, हा बघा कसा छान पळतोय."

हे हातातलं कणीस चोळत बसले. मग म्हणाले, "तू मला ओळखलं नाहीस, आणि मला तू दिसली नाहीस. दोन हातांवर होतीस ना?"

"हाताला धरता आलं असतं, एवढ्यावर."

"परत येताना पूर्ण वाट तेच डोक्यात होतं. लिंबाची झाडं होती म्हणे रस्त्याला?"

"होती की. दोन्ही बाजूंना."

"मला एकही आठवत नाही. जाताना मिनिटं मोजत होतो, येताना पाय मोजत होतो." मग म्हणाले, "चिपळुणात पळतो तेव्हा कुणाच्या गोठ्यात दिवा आहे, कोण नदीवर निघालंय, सगळं दिसतं मला. म्हणून तर मी पळायला लागलो. दिल्लीचं नंतर आलं."

"दिल्ली मोठी आहे पण," मी म्हटलं. मला खरंच वाटत होतं. आमच्या गावातलं कुणी तिथं गेलं नव्हतं.

"मोठी आहे," हे म्हणाले. "मला हवीच होती. अजूनही हवी आहे, खोटं नाही सांगत. पण तिच्यासाठी गुडघा द्यायचा, आणि तो देऊनही वाटेवरचं काही दिसायचं नाही." आणि मग, शाळेतलं गणित सोडवून झाल्यासारखे, "नाही जात नागपूरला."

मी वाद घातला. कुणाला खरं वाटणार नाही, पण बांधावर बसून मी अर्धा तास ह्यांच्याशी वाद घातला की जाच म्हणून. हे ऐकत राहिले, हुरडा चोळत राहिले आणि दाणे माझ्या हातावर ठेवत राहिले. आगटीपाशी परत गेल्यावर ह्यांनी विरूपाक्षाला सांगितलं. तो इतका चिडला की तासभर ह्यांच्याशी कानडीतच बोलत होता, आणि ह्यांना कानडी येत नाही.

निघताना अव्वांनी बरोबर दिलेलं सामान आमच्या येतानाच्या सामानापेक्षा जड होतं. कडक भाकऱ्यांची चळत, चटणीचा डबा, दोन शेर ज्वारी. विरूपाक्ष स्टँडवर आला, ह्यांना मिठी मारली आणि म्हणाला, "खुळा हायस. पण ये परत. पळायला नको, जेवायला ये."

परत आल्यावर

सोपं गेलं असं म्हणणार नाही. पुढं दिल्लीची मॅरेथॉन झाली त्या संध्याकाळी रेडिओवर बातम्यांत निकाल सांगितला. ह्यांनी तो उभ्यानं ऐकला, रेडिओ बंद केला आणि दिवेलागणीला अंगणात जाऊन उगाचच विहिरीचा रहाट फिरवत राहिले. मी मुलांना तिकडं जाऊ दिलं नाही.

पण मला जो दिवस सांगायचा आहे तो त्याच्या आधीचा. नागपूरच्या चाचणीचा रविवार. पहाटे उठून गेले, नेहमीसारखे. जाताना म्हणाले, "आज वेळ लागेल. तू मुलांना घेऊन पहिल्या एसटीनं गुहागरला ये." गुहागर माझं माहेर. मला वाटलं, मन रमवायला कुठंतरी जायचं असेल, मागून येतील.

चिपळूणहून गुहागरचा रस्ता जवळपास मॅरेथॉनइतकाच. सगळा चढउताराचा, वळणावळणाचा. एसटीत बसल्यावर मला शंका आली, म्हणून खिडकीतून रस्त्याच्या कडेला बघत होते, पण वळणांमुळं काही दिसलं नाही. मार्गताम्हाण्याच्या पुढं धाकट्यानं ओरडून सांगितलं, "बाबा!" हे एका दुकानाच्या बाकावर बसून दोघा म्हाताऱ्यांशी बोलत होते, हातात फोडलेला नारळ. एसटी गेली तेव्हा ह्यांनी हात केला. या वेळी मलाच.

आम्ही माहेरी पोचलो. दीड-दोन तासांनी आईनं ओटीवरून पाहिलं तर जावई फाटकातून पळत येतोय, अंगात बनियन, घामानं निथळतोय, हातात रुमालात बांधलेलं काहीतरी. आई घाबरून आत आली आणि माझ्या कानाशी लागली, "काय गो, तुमचं भांडण झालं काय?"

रुमालात करवंदं होती, वर्षातली पहिली, थोडी कच्ची. चढ आला तिथं चाललो, असं हे म्हणाले. माझ्या भावानं विचारलं, "किती वेळ लागला हो तुम्हांला?" ह्यांनी मनगट पाहिलं. घड्याळ घरी राहिलं होतं. मग विहिरीवर पाय धुवायला बसले आणि भावाला सांगायला लागले, कुठल्या वाडीत गाय व्यालीये, कुठल्या ओढ्यावरचा साकव मोडलाय, कुठल्या वळणावरून पहिल्यांदा समुद्र दिसतो. आई आतून विचारत होती भात किती टाकू, आणि मी म्हटलं, सगळा टाक.